निरोप पोचला, आजार पोचला का?

समजा, जुलै महिना आहे. धानाची रोवणी जोरात सुरू आहे. सालेकसा तालुक्यातल्या जंगलकाठच्या एका टोलीवर आठ महिन्यांच्या बाळाला तीन दिवसांपासून खोकला आहे. आई दिवसभर बांधीत चिखलात उभी होती. संध्याकाळी घरी आल्यावर बाळ नीट दूध ओढत नाही, हे तिच्या लक्षात येते. ती आशाताईकडे धाव घेते. आशाताई मोबाइल काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाइप करते, ‘बाळाला सर्दी, खोकला, ताप. काय द्यावे?’ थोड्या वेळाने उत्तर येते : तापाचे थेंब द्या, सकाळी दवाखान्यात आणा. हे उत्तर चुकीचे नाही. जेवढे विचारले, तेवढ्याला ते बरोबरच आहे.

आता हीच आशाताई टाइप करण्याऐवजी बटण दाबून बोलली असती, तर तिच्या आवाजामागे बाळाचे कण्हणे ऐकू आले असते. तिने फोटो पाठवला असता, तर डोळे मिटून शांत पडलेले बाळ दिसले असते आणि सगळेच निर्धास्त झाले असते. तिने झबले वर करून एक मिनिटाचा व्हिडिओ काढला असता, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची छाती आत ओढली जाताना दिसली असती. म्हणजे न्यूमोनिया, आणि तोही सकाळपर्यंत थांबू न देणारा. बाळ तेच, आजार तोच. निरोपाची वाट बदलली की पलीकडे पोचणारा आजार मात्र बदलतो.

ऑनलाइन बोलण्याविषयी आरोग्याच्या अंगाने चर्चा होते ती बहुधा खोट्या माहितीची. ती व्हायलाच हवी. पण खरा माणूस, खरे लक्षण, चांगला हेतू आणि तरीही निरोपात अर्धा आजार गळून पडणे, हे रोज घडते आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लिहिलेला मजकूर, आवाज, फोटो, व्हिडिओ कॉल आणि गट या पाच वाटांनी आज दवाखाना आणि घर जोडलेले आहे. प्रत्येक वाट काहीतरी नेते आणि काहीतरी मागे ठेवते. काय मागे राहिले, हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे तर सगळे चित्र असते.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच टोकदार आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेशातील बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. मराठी, हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी या साऱ्या बोली एकाच आठवडी बाजारात कानावर पडतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यात ‘टावर’ कुठल्या झाडाखाली येतो हे गावातल्या पोरांना पाठ असते. अशा ठिकाणी निरोप कसा पाठवायचा, हे पुष्कळदा आजार ठरवत नाही, टावर ठरवतो. एक दांडी असेल तर मजकूर, दोन असतील तर आवाज, व्हिडिओ जमला तर नशीब.

मजकुरापासून सुरुवात करू. बहुतेक लोक मराठी टाइप करतात ती इंग्रजी अक्षरांत. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे घ्या. ती ‘काल’ असू शकतात आणि ‘कळ’ही. पाठवणारा हिंदीत विचार करणारा असेल तर तोच ‘कल’ होतो, आणि हिंदीतला ‘कल’ मागे गेलेला दिवस आहे की पुढे येणारा, हे पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या घरून ‘कल आली’ असा निरोप आला, तर ती काल माहेरी आली की तिला कळ आली? मोबाइलवर मराठी कळफलक घालून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे. तेवढे न जमल्यास अशा वेळी फोन लावावा, हे बरे.

मजकुरात सूरही हरवतो. अमेरिकेतील क्रूगर, एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांना काही वाक्ये ईमेलने पाठवायची, काही आवाजातून सांगायची. त्यातली काही मनापासूनची, काही उपरोधाची. आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असे पाठवणाऱ्यांना वाटत होते. आवाजातून तो 73 टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलमधून फक्त 56 टक्के. नाणे उडवून अंदाज बांधला तरी पन्नास टक्के जमतेच. म्हणजे लिहिताना आपल्या मनात जो आवाज घुमत असतो, तो समोरच्यालाही ऐकू येतो असे आपण धरून चालतो. ‘थोडं दुखते’ असे लिहिणाऱ्या बाईच्या मनातले ‘थोडं’ किती मोठे आहे, हे अक्षरांत येत नाही.

त्यात अंगठ्याची भर. डॉक्टर औषधाची मात्रा लिहितात, पलीकडून अंगठा येतो. त्या अंगठ्याचा अर्थ वाचले, समजले, की दिले? दोन निळ्या टिका तर एवढेच सांगतात की निरोप उघडला गेला. शस्त्रक्रियागृहात किंवा अतिदक्षता विभागात तोंडी सूचना ऐकणाऱ्या परिचारिकेने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, अशी शिस्त असते. ‘पाच मिली, दिवसातून तीनदा’ असे उलट लिहून येईपर्यंत निरोप पोचला असे मानू नये. हीच शिस्त मोबाइलवरही हवी, पण ती पाळणारे विरळा.

मजकुराचा एक मोठा गुण मात्र मान्य केला पाहिजे. तो कोणाला ऐकू जात नाही. एका खोलीच्या घरात सासू, दीर, मुले सगळी असताना सून फोनवर अंगावरून पांढरे जाण्याविषयी बोलू शकत नाही. नवऱ्याच्या दारूविषयी, मारहाणीविषयी तर नाहीच नाही. तिला टाइप करता येते. कॉलेजातली मुले लैंगिक शंका समोर बसून विचारत नाहीत, लिहून विचारतात. चेहरा दिसत नाही, हेच इथे औषध ठरते. मनाच्या आजारांसाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा देशभर सुरू झाली, ती आवाजावर चालते. तिथे चेहरा नाही, पण आवाजातला कंप आणि मधली शांतता समुपदेशकापर्यंत पोचते. जीव द्यावासा वाटतो, असे लिहून आले तर वाचणाऱ्याने उत्तर टाइप करत बसू नये. फोन लावावा, आणि कोणाला तरी त्या घरी पाठवावे.

आवाजी निरोपाचा डॉक्टरमंडळींना कंटाळा असतो. तीन मिनिटांचा निरोप, त्यातली पहिली दोन मिनिटे पाऊस आणि रस्त्याची. मजकुरावरून जशी नजर फिरवता येते तशी आवाजावरून फिरवता येत नाही. तरीही या जिल्ह्यात आवाजाला पर्याय नाही. ज्या आजीला लिहिता येत नाही ती बोलू शकते, आणि आपल्या बोलीत बोलू शकते. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोरा’ होतो. हे शब्द लिहून पाठवताना माणूस संकोचतो, शाळेतली मराठी आठवू लागतो आणि नेमके लक्षण सोडून ‘तब्येत बरी नाही’ एवढेच लिहितो. आवाजात तो मोकळा होतो. शिवाय दम लागलेला माणूस एका श्वासात किती शब्द बोलतो, हे ऐकून दम्याचा झटका किती तीव्र आहे याचा अंदाज बांधता येतो. पूर्ण वाक्य बोलता येणे वेगळे, दोन शब्दांनंतर थांबावे लागणे वेगळे.

आकड्यांच्या बाबतीत मात्र आवाज दगा देतो. साध्या फोन यंत्रणेतून जुन्या काळापासून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो. बोललेले समजायला तो पुरतो, पण ‘स’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची बरीचशी ओळख त्याहून वरच्या पट्टीत असते. त्यात ‘सात’ आणि ‘साठ’ एकमेकांना चिकटलेले. मराठीतला एकोणसाठ आणि हिंदीतला उनसठ यांची गल्लत वेगळीच. साखर, रक्तदाब, औषधाची मात्रा हे आकडे बोलून झाल्यावर एकेक अंक सुटा सांगावा, नाहीतर लिहून पाठवावा. आवाजी निरोपाच्या सुरुवातीला रुग्णाचे वय, गाव आणि ‘किती वाजल्यापासून’ एवढे तीन शब्द आले, तर पुढचा पावसाचा तपशील डॉक्टर आनंदाने ऐकतील.

सगळ्यात फसवा प्रकार फोटोचा. डोळ्यांनी पाहिलेल्यावर माणसाचा विश्वास असतो, आणि मोबाइलचा कॅमेरा डोळ्यासारखा पाहत नाही. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून तो आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत निरोगी माणूस कावीळ झाल्यासारखा दिसू शकतो, आणि खरी कावीळ दुरुस्तीत धुऊन निघू शकते. रक्तक्षयातला फिकेपणा तर याहून नाजूक. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर सुरू राहिले तर पुरळही गायब. फोटो पाठवायचाच असेल तर दिवसाच्या उजेडात, फिल्टर बंद करून, एक लांबून आणि एक जवळून काढावा. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. पाठवताना ‘एचडी’ निवडले नाही तर ॲप फोटो आवळून टाकते.

पण चांगल्यात चांगला फोटोही जे दाखवू शकत नाही, ते या भागात फार महत्त्वाचे आहे. कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून देशपातळीवर त्याचे दूरीकरण 2005 च्या अखेरीस झाले असे जाहीर झाले, तरी गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. शाळेतल्या मुलाच्या गालावरचा किंवा शेतमजुराच्या पाठीवरचा फिकट चट्टा फोटोत दिसतो. तो शिब्यांचा आहे, साध्या कोरडेपणाचा आहे की कुष्ठरोगाचा, हे ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे तिथली संवेदना. मुलाला डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या वातीने किंवा पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. बधिरपणाचा फोटो निघत नाही. ‘फोटो पाहिला, मलम लावा’ असे उत्तर आले आणि सहा महिने मलम चोळण्यात गेले, तर तेवढ्या काळात हाताची नस कायमची जायबंदी होऊ शकते. उपचार मोफत आहेत आणि वेळेत सुरू केले तर विकृती टळते. म्हणूनच त्या स्पर्शाची किंमत एवढी मोठी.

सापाचेही तसेच. धानाच्या पट्ट्यात पावसाळ्यात सर्पदंश नेहमीचा. दंश झाला की नातेवाईक दोन फोटो पाठवतात, एक सापाचा आणि एक पायाचा. साप आयता दिसत असेल तर लांबून फोटो घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी काठी घेऊन त्याच्यामागे जाणे म्हणजे दुसऱ्या दंशाला आमंत्रण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच एकत्रित प्रतिविष मिळते, त्यामुळे साप ओळखेपर्यंत अडून राहण्याचे कारण नाही. पायाचा फोटो तर मण्यारीच्या बाबतीत उलट घात करतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. फोटो पाहून ‘काही दिसत नाही’ हे उत्तर खरे असते, आणि माणूस परत झोपतो. काही तासांनी पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. इथे पायापेक्षा चेहऱ्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ जास्त सांगतो : वर बघ म्हटल्यावर पापण्या उचलतात का? अर्थात तोही गाडीत बसल्यावर काढायचा. उत्तराची वाट पाहत घरी थांबण्याएवढा वेळ सर्पदंशात नसतो.

फोटोने हरणारा आणखी एक आजार म्हणजे सिकलसेल. वेदनेचा झटका आलेल्या मुलाच्या हातापायांवर बहुतेक वेळा पाहण्यासारखे काही नसते. डोळे थोडे पिवळे असतात, पण ते त्याचे नेहमीचेच. त्याचा फोटो ‘ठीक आहे’ म्हणतो, त्याचा आवाज नाही म्हणतो. अशा वेळी आवाजावर विश्वास ठेवावा.

मग सगळे व्हिडिओ कॉलवरच का करू नये? सरकारनेही तो मार्ग उघडला आहे. ‘ई-संजीवनी’ या सेवेत उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. ती नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. घरबसल्या सल्ल्याची तिची बाह्यरुग्ण सेवा टाळेबंदीत, 13 एप्रिल 2020 रोजी आली. त्याआधी 25 मार्च 2020 रोजी देशात दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली होती. त्यांतली एक गोष्ट लोकांना फारशी ठाऊक नाही. कोणत्या वाटेने बोलणे झाले, त्यावर कोणते औषध लिहिता येईल हे ठरते. पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनी अशी साधी औषधे कुठल्याही वाटेने सांगता येतात. काही औषधे पहिल्याच भेटीत द्यायची तर व्हिडिओच लागतो. गुंगी आणणारी, व्यसन लावणारी काही औषधे दुरून देताच येत नाहीत. फोनवर नुसते सांगून डॉक्टर गोळी लिहून देत नाहीत म्हणून रागावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तातडीच्या आजारात दुरून फक्त प्रथमोपचार, धीर आणि दवाखान्याची वाट एवढेच सांगायचे, असेही ही तत्त्वे म्हणतात.

व्हिडिओची खरी अडचण वेळेची आहे, आणि ती सेकंदाच्या हिश्श्यात मोजावी लागते. जगातल्या दहा भाषांमधील गप्पांचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढे निघाले. एवढ्याशा तालावर माणसाचे संभाषण चालते. जर्मन संशोधकांनी 2014 साली फोनवरच्या बोलण्यात मुद्दाम 1.2 सेकंदांपर्यंत उशीर घातला, तेव्हा पलीकडचा माणूस कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटू लागला. दोष तारेचा होता, राग माणसावर निघाला. उपकेंद्रातल्या रेंगाळणाऱ्या नेटवर्कवर हेच होते. म्हातारी एक वाक्य बोलून श्वास घेते, डॉक्टरांना वाटते संपले, ते पुढचा प्रश्न विचारतात, दोन आवाज एकमेकांवर आपटतात आणि म्हातारी गप्प होते. तिची खरी तक्रार बहुधा दुसऱ्या वाक्यात असते. बोलणे संपल्यावर ‘झालं’ म्हणायचे, आणि ते ऐकेपर्यंत डॉक्टरांनी थांबायचे, एवढा ठराव केला तरी पुष्कळ फरक पडेल.

पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसत नाही : चौकटीबाहेर कोण उभे आहे. मूल होत नाही म्हणून आलेली सून कॅमेऱ्यापुढे एकटी दिसते, पण सासू मोबाइलच्या मागे खुर्चीत असते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची किंमत इथे कळते. तो दार लावू शकतो, पोटाला हात लावू शकतो, पापणी ओढून पाहू शकतो. व्हिडिओ कॉल यशस्वी होतो तेव्हा त्याचे निम्मे श्रेय त्या खोलीतल्या हातांचे असते.

राहिला गट. सूचना पोचवायला गटासारखे साधन नाही, आणि रुग्णाविषयी बोलायला त्याहून वाईट जागा नाही. लसीकरणाचा दिवस सांगायला बांधलेल्या गटावर एखाद्या मुलीचा सिकलसेलचा अहवाल नावासकट पडला, तर तो तिच्या लग्नापर्यंत पाठलाग करतो. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तपासण्या वाढल्या. तसे हे जपणेही वाढले पाहिजे. वाहक असणे हा आजार नव्हे, हे गटावरच्या दोनशे जणांना एकेक करून कोण समजावणार? आणि पुढे ढकललेल्या निरोपाला तर ना तारीख असते, ना धनी. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने निरोप पुढे ढकलण्यावर भारतात पाच जणांची मर्यादा आणली, आणि फार फिरलेले निरोप एप्रिल 2020 पासून एका वेळी एकालाच पाठवता येऊ लागले. औषधाचा निरोपही तसाच भटकतो. एका रुग्णासाठी लिहिलेली मात्रा पुढच्या गावात दुसऱ्याच्या बाळाला दिली जाते. आशाताईने रुग्णाविषयी विचारायचे ते एकाच डॉक्टरला, वेगळ्या निरोपात विचारावे. नाव टाळून वय आणि लक्षणे लिहावीत.

सालेकसाच्या त्या टोलीवर परत येऊ. व्हिडिओ अडखळत असेल तर त्यातून श्वास मोजताच येत नाहीत. चित्र गोठते तेव्हा दोन श्वास हरवतात. पण आशाताई स्वतः मोजू शकते, तिला ते शिकवलेले असते. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक म्हणजे श्वास जलद. एवढे केल्यावर निरोपाला ना व्हिडिओ लागतो, ना दोन दांड्यांचा टावर. एका दांडीवरही तो जातो :

‘मुलगा, 8 महिने. खोकला 3 दिवस. श्वास मिनिटाला 58. छाती आत जाते. दूध ओढत नाही. 108 ला फोन केला, गाडी निघाली. मी सोबत येते.’

आणि पलीकडून अंगठा न येता लिहून उत्तर येते : ‘8 महिने, श्वास 58, समजले. बाळाला उबदार गुंडाळा, डोके जरा उंच धरा, तोंडात काही घालू नका. ऑक्सिजन लावून ठेवतो. निघाल्यावर एकदा फोन करा.’